देव नळदुर्गला असताना

आमच्या गावात झाडं तोडायला वर्षातून थंडीचे दीड-दोन महिने मोकळीक असायची. ती निजाम सरकारने दिलेली नव्हती. खंडोबा घरी नसायचा म्हणून ती मिळायची.

अणदूरचा खंडोबा बारा महिने एका जागी बसत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मार्गशीर्षात तो नळदुर्गला जातो आणि पौष पौर्णिमेच्या सुमाराला परत अणदूरला येतो. दोन्ही गावचे मानकरी त्याबद्दल एकमेकांना रीतसर लिहून देतात, म्हणजे देव परत न्यायच्या वेळी कुरकूर नको. आमचं गाव अणदूरपासून कोसभर, नळदुर्गच्या उलट्या अंगाला. गावामागच्या माळावर मोठी राई होती. लिंब, बाभूळ, हिवर, धावडा, पळस, सगळं एकात एक गुंतून माजलेलं. गावाची समजूत अशी, की अणदुरात मुक्काम असला की खंडोबा पहाटे घोड्यावर बसून, कुत्री सोबत घेऊन आमच्या राईत शिकारीला येतो. त्यामुळे त्या दहा महिन्यांत राईत कुऱ्हाड न्यायची नाही, हिरवी फांदी मोडायची नाही, शेळीसुद्धा सोडायची नाही. पालखी नळदुर्गला गेली की देवाची शिकार बोरी नदीकडे. मग राई आमची.

पालखीने अणदूरची वेस ओलांडली एवढी बातमी आली, की दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव कुऱ्हाडी घेऊन माळावर. खोडाला मात्र कोणी हात लावत नसे. फांद्या तोडायच्या त्या खांद्याच्या वरच्या, कारण परत आल्यावर देवाला घोडा बांधायला खोड लागतं. मी एकदा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं की देवाला हे कळत नसेल का?

"कळतंय की," आप्पा म्हणाले. "पर डोळ्यासमोर तोडलं तर त्याला बोलावं लागंल. कशाला पेचात घालायचं देवाला?"

आप्पांचं किराण्याचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पेचात न घालता आपलं काम कसं साधायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि देवाशीही त्यांचा व्यवहार त्याच धर्तीचा होता.

त्या थोड्या दिवसांत प्रत्येक घर वर्षाचं जळतण भरून ठेवी. परसात लाकडं रचली जात ती भिंतीच्या वर डोकावत. मग वर्षभर ही लाकडं, शेतातल्या तुराट्या आणि गोवऱ्या असं मिळून चूल चाले. माझी शाळाही त्यावरच चालत होती. गावच्या शाळेत मी एकटी मुलगी. अव्वा, माझी आई, गुलबर्ग्याकडची. तिला मराठी चांगलं येई, पण राग आला की ती कन्नडवर जाई, आणि मग घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर जाई. मला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा तिने आप्पांना बजावलं होतं, "परसात लाकूड हाय तवर जाऊ द्या तिला. लाकूड सरलं की शाळा सरली. मी तान्हं लेकरू कडंवर घिऊन डोंगराला जाणार न्हाय." माझा धाकटा भाऊ तेव्हा तान्हा होता आणि त्याच्यामागे आणखी एक जण यायच्या बेतात होता. त्यामुळे तिचं म्हणणं कुणाला खोडून काढता येईना.

मला ती अट जड वाटली नाही. राई होती आणि देव नेमाने नळदुर्गला जात होता. देव वेळेवर गावाला जावा म्हणून इतक्या मनापासून नवस बोलणारी माझ्याइतकी भक्तीण दुसरी नसेल.

शाळा मला फार आवडायची. मारुतीच्या देवळात ती भरायची. थंडीत फरशी गार लागायची, पावसाळ्यात छत गळायचं, आणि मुलं माझ्या वेणीला दगड बांधायची. तरी आवडायची. मला वाचता यायला लागल्यावर आप्पा पुड्या बांधायच्या रद्दीतला मजकूर माझ्याकडून वाचून घेत. कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी सभेची अर्धी बातमी असायची, पुढचं पान जिऱ्याबरोबर दुसऱ्याच्या घरी गेलेलं. तरी आप्पा डोळे मिटून ऐकत आणि मला वाटे, जगात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. पेट्रोल मिळेना म्हणून सोलापूर-तुळजापूरच्या मोटारी मागे भट्टी लावून कोळशावर चालत. त्या कोळशासाठी तुळजापूरच्या बाजूच्या डोंगरावर गुत्तेदार, म्हणजे सरकारचा ठेकेदार, झाडं तोडून भट्ट्या लावत होता. डोंगर बोडके दिसायला लागले, आणि वर कुणाला तरी वाटलं की रयत फार झाडं तोडते. मग जंगल खात्याचा एक तरुण साहेब गावोगाव फिरू लागला. तो हैदराबादचा होता, नव्या विचारांचा. पाटलाला विचारून काही खरं कळत नाही, खरं ऐकायचं तर शाळेतल्या मुलांना विचारावं, असं त्याचं मत होतं. झाडांविषयी मुलांना काय कळतं आणि काय वाटतं, यावरून गाव कसं आहे ते ठरवायचं. मुलं खोटं बोलत नाहीत म्हणे. बिचाऱ्याला मुलं नव्हती.

तो आमच्याकडे येणार असं कळलं आणि पाटलांनी चावडीवर गाव गोळा केलं. "नीट ऐका," ते म्हणाले. "माळ कागदावर सरकारचा हाय. आजवर कुणी इचारलं न्हाय म्हणून आपला. पोरांनी काय येडंवाकडं सांगितलं तर राई बंद. मग बसा बोंबलत." बायका मागे उभ्या होत्या. अव्वाने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यातच मला सगळं ऐकू आलं. राई बंद झाली तर लाकूड बंद, आणि लाकूड बंद झालं तर मी घरी. गावाचं काय व्हायचं ते होवो, त्या साहेबाच्या प्रश्नांवर माझी शाळा टांगली गेली होती.

अडचण अशी की महिना माघाचा होता. देव नुकताच अणदूरला परतला होता आणि घरोघरची परसं ताज्या लाकडांनी भरली होती. पाटलांनी हुकूम सोडला की सगळ्या लाकडांवर कडबा घाला. दोन दिवसांत गावात लाकूड दिसेनासं झालं आणि जिकडे तिकडे कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या. साहेबासाठी हुरड्याचा बेत होता. आगटीत नुसत्या गोवऱ्या लावायच्या, काटकीसुद्धा दिसता कामा नये, हेही बजावून झालं.

शाळेत मास्तरांनी आम्हाला पाठ करायला लावलं. मास्तर तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. देवीच्या दारात वाटेकरी भाऊबंद फार, म्हणून ते सरकारी नोकरीत आलेले. "झाडे तोडू नयेत. झाडे पाऊस आणतात. आमच्या गावात कोणी झाड तोडत नाही." हे आम्ही पाढ्यांच्या चालीवर इतके दिवस म्हटलं की देवळात येणाऱ्या बायाही प्रदक्षिणा घालताना तेच पुटपुटायला लागल्या.

साहेब घोड्यावरून आला. गोरा, सडपातळ, थंडीने नाक लाल झालेला. वेशीतून आत येताना त्याने चारी बाजूंना बघितलं आणि पाटलांना उर्दूत म्हणाला की एवढा कडबा, या गावात गुरं पुष्कळ दिसतात. "जी हुजूर," पाटील म्हणाले. तेवढ्यात एकच म्हातारी गाय समोरून आडवी गेली. पाटलांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बाकीची कुठं गेली हे तिनंच सांगावं.

देवळात साहेब स्टुलावर बसला. त्याला मराठी येत नव्हतं आणि आमची उर्दू अलिफ-बेच्या पुढे फारशी सरकली नव्हती. म्हणून मधे मास्तर. साहेबाने पहिला प्रश्न विचारला, की झाडापासून काय मिळतं? पुढच्या रांगेतला एक पोरगा उठला. पाठ केलेलं तो पार विसरला होता, तेव्हा जे रोज मिळत होतं ते त्याने सांगितलं.

"फोक मिळतो."

मास्तरांनी हातातली छडी पाठीमागे नेली. "दवा मिलती है, हुजूर," ते म्हणाले. साहेबाने मान डोलावली. मला वाटतं मास्तर अगदीच खोटं बोलले नाहीत.

दुसरा प्रश्न, पाऊस कुठून येतो? "सोलापूरकडून," सगळी शाळा एका सुरात ओरडली. हे खरंच होतं. आमच्याकडे ढग त्याच बाजूने येतात. मास्तरांनी यालाही काहीतरी कपडे चढवले. मग साहेबाने नवीनच काढलं. तोंडी उत्तरं नकोत, म्हणाला, सगळे उभे राहा. ज्यांना वाटतं झाडं तोडू नयेत, त्यांनी मारुतीच्या बाजूला जावं. ज्यांना वाटतं तोडली तरी चालतील, त्यांनी दाराकडे.

आता मारुतीच्या बाजूला अंधार आणि गारठा, दाराकडे कोवळं ऊन पडलेलं. पाटलाच्या मुलाने एकवार दोन्हीकडे बघितलं आणि उन्हात जाऊन उभा राहिला. पाटलाचा मुलगा जिकडे जाईल तिकडे शाळा जायची. सगळी पोरं दाराकडे धावली आणि हात चोळत उन्हात उभी राहिली. मारुतीजवळ मी एकटी उरले. मला झाडांचं फार प्रेम होतं म्हणून नव्हे. आता राई बंद होणार म्हणून पोरांना इकडे या असं ओरडावं की काय असं वाटत होतं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

साहेब मात्र माझ्याकडे बघत होता. तू इथे का उभी आहेस, झाडं संपली तर काय होईल, असं त्याने विचारलं. मास्तरांनी ते मला मराठीत सांगितलं आणि डोळ्यांनी खुणावलं, की पाऊस म्हण, पाऊस. पण मला त्या वेळी पाऊस सुचला नाही. जे रात्रंदिवस डोक्यात होतं तेच तोंडून गेलं.

"माझी शाळा सुटंल," मी म्हणाले.

"बारिश बंद हो जाएगी, हुजूर," मास्तर म्हणाले.

साहेब उठला, माझ्यापाशी आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून "शाबास" म्हणाला. या मुलीला पुढे शिकवा, तुळजापूरला पाठवा, असं त्याने मास्तरांना सांगितलं. मी न दिलेल्या उत्तराबद्दल आयुष्यात माझं एवढं कौतुक परत कधी झालं नाही.

तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण साहेब उन्हातल्या पोरांकडे वळला. तुम्ही झाडं तोडता? पाटलाचा मुलगा घरी येणाऱ्या शिपायांशी, अंमलदारांशी बोलून दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, तरबेज झालेला. त्याला मधे मास्तर लागत नव्हते.

"खंडोबा नळदुर्ग कू गए तो तोडते, साब," तो म्हणाला. "हितं हैं तो नक्को."

पाटील दारात उभे होते, ते खांबाला टेकले. साहेबाला नीट समजलं नाही, त्याने पुन्हा विचारलं. मग काय, पाठ केलेलं कुणाला येत नव्हतं, पण हे सगळ्यांना न पाठ करता येत होतं. देवाचा घोडा, देवाची कुत्री, खोडाला हात लावत नाहीत ते, शेळीसुद्धा सोडत नाहीत ते. पोरं एकमेकांना ढकलून सांगायला लागली. एकाने तर कुत्र्यांच्या पायांचे ठसे पाहिल्याची शपथ घेतली. शेवटी मास्तरांनी हात टेकले आणि सगळं उर्दूत समजावून सांगितलं.

साहेब रागावला नाही. तो थेट राईत गेला, मागे सगळं गाव. खोडांवर हात फिरवत तो फिरला. वरून छाटलेली, पण जाडजूड, जिवंत खोडं. दहा महिने इथे कोणी येत नाही? कोणी नाही, हुजूर. राखण कोण करतं? देव करतो, हुजूर. पगार? यावर सगळे हसले, साहेबही हसला. "कमाल है," तो परत परत म्हणत होता. तुमच्यासारखं गाव मी पाहिलं नाही, म्हणाला. हुरडा खाऊन, हात धुऊन, घोड्यावर बसून तो निघून गेला. पाटलांनी पोरांना गूळ वाटला आणि खरं बोललं की सरकारलाही पटतं, असं भाषण केलं. मास्तरांनी दुकानात येऊन आप्पांना सांगितलं की साहेब तुमच्या मुलीला तुळजापूरला पाठवा म्हणाले. पुढे महिनाभर ज्याने ज्याने गूळ, मीठ, तंबाखू नेला, त्याला त्याला आप्पांनी ते ऐकवलं. अव्वा तेवढी म्हणाली, "साकु, साकु," म्हणजे पुरे झालं. पण तिलाही बरं वाटलं होतं. तिने त्या रात्री माझी वेणी आपण होऊन घातली.

पुढच्या मार्गशीर्षात पालखी नळदुर्गला गेली. दुसऱ्या दिवशी गाव कुऱ्हाडी घेऊन माळावर पोचलं, तर पहिल्याच लिंबाखाली खाकी फेटा बांधलेला एक चौकीदार काठी आडवी घेऊन बसलेला. त्याच्याजवळ हुकूम होता. मास्तरांना बोलावून तो वाचून घेतला. खंडोबाची पालखी नळदुर्गात असेपर्यंत राईत तोडीस सक्त मनाई. मास्तरांनी तो दोनदा वाचला. एवढंच होतं. पालखी परत आल्यानंतरच्या दिवसांना सरकारची कसलीच हरकत नव्हती.

हे ध्यानात यायला गावाला थोडा वेळ लागला. मग पाटील मटकन खाली बसले. दहा महिने देव राखतो म्हणून आपण छाती फुगवून सांगितलं होतं. साहेबाने उरलेल्या दोन महिन्यांची राखण सरकारकडे घेतली. देवाची पाळी संपली की चौकीदाराची, चौकीदाराची संपली की देवाची. साऱ्या वर्षाला सरकारला एका माणसाचा दोन महिन्यांचा पगार पुरला. आमची राई आमच्याच देवाने आणि सरकारने मिळून बंद केली, आणि ती कशी बंद करायची हे आम्हीच शिकवलं होतं.

गावाने खटपट केली नाही असं नाही. चौकीदाराला चार पैसे दाखवून झाले. त्या काळात जंगल खात्यात इमानदार माणूस शोधून सापडत नसे, आणि जो एक होता तो नेमका आमच्या वाट्याला आला होता. तो खंडोबाचा भक्त निघाला. देव परत येईपर्यंत देवाची नोकरी मी करतो, म्हणाला, आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या कपाळाला आणि झाडांना भंडारा लावत बसला. मग चार म्हातारे अणदूरला गेले, देवाला नळदुर्गात आणखी थोडे दिवस ठेवता येईल का ते बघायला. अणदूरकरांनी त्यांना गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "तुमचं सरपण व्हावं म्हणून आमी देवाला घराबाहीर काढायचं व्हय?" म्हातारे परत आले.

देव आला, चौकीदार गेला. राई उघडी पडली. सरकारचा माणूस नाही, कुंपण नाही, काही नाही. पाटील म्हणाले, ज्याला तोडायचं त्यानं तोडावं. कोणी पहिली कुऱ्हाड घालीना. मी आप्पांच्या मागे लागले. परसातली रास कमरेच्या खाली आली होती. एके दिवशी आप्पांनी कुऱ्हाडीला धार लावली, खांद्यावर टाकली आणि निघाले. मी दारात वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने ते रिकामे परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"नमस्कार करून आलो," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता दुकानात जाऊन बसले. त्यांचा मला संताप आला. निजामाच्या शिपायाला चुकवून तंबाखू विकणारा माणूस, आणि जो दिसतसुद्धा नाही त्या घोड्याला भ्यायला.

शिमगा व्हायच्या आत परसात चिपाडं उरली. अव्वाने मला पाटी फळीवर ठेवायला सांगितली. ती कन्नडमध्ये ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती हळू आवाजात मराठीत बोलली. मी रडले. मास्तर घरी येऊन गेले, तुळजापूरचं पुन्हा सांगून गेले. आप्पांनी त्यांना चहा दिला. चूल कशावर पेटवायची हे मास्तरांनाही सांगता येईना.

मग मी बायांबरोबर डोंगराला जायला लागले. पहाटे निघायचं, दुपार कलल्यावर परत. सगळ्यांत वाईट म्हणजे डोंगरावर लाकूडच नव्हतं. गुत्तेदाराने माथ्यापासून पायथ्यापर्यंत खोडासकट साफ केलेलं. कोळशाच्या भट्ट्यांजवळ पडलेले डहाळे, काटेरी झुडपं, खोडांचे खुंट यांतून मोळी जमवायची. गुत्तेदाराला कुठली पालखी आडवी आली नव्हती. चढताना दम लागला की मी साहेबाला शिव्या द्यायचे. बाया हसायच्या आणि आपल्याकडच्या दोन-चार भर घालायच्या. मला येतात त्या निम्म्या शिव्या मी त्या डोंगरावर शिकले. लिहिणं-वाचणं पुढे सुधारलं ते तिशीत, माझ्या पोरांच्या पुस्तकांवर, तेही त्यांच्याशी भांडून.

राईचंही सांगून टाकते. निजाम गेला, चौकीदार यायचे बंद झाले, आणि राज्य आपलं झालं म्हणून गावाने एका उन्हाळ्यात राई साफ केली. खोडांसकट. देव तेव्हा अणदुरातच होता. आपलं राज्य आल्यावर त्याचा घोडा कुठे बांधायचा, हे कोणी विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. माझी शाळा सुटल्याला वर्ष होत आलं, त्या माघात साहेब परत आला. दोन वर्षांत मुलांच्या विचारांत काय फरक पडला ते त्याला बघायचं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी मोळी घेऊन डोंगराकडून येत होते. पायात काटा मोडला म्हणून मोळी खाली टाकली आणि काटा काढत बसले. तोवर बाया पुढे निघून गेल्या होत्या. डहाळ्यांची मोळी बेढब असते, आणि माझ्या वयाच्या पोरीला ती एकटीने डोक्यावर घेता येत नाही. आता कोणीतरी वाटसरू येईपर्यंत बसणं आलं.

आला तो साहेब. आमच्या गावाकडून घोड्यावर, खुशीत, शिपाई बराच मागे. मला बघून त्याने लगाम ओढला. थोडा वेळ बघत राहिला आणि त्याला आठवलं.

"तू तो बारिशवाली लडकी," तो म्हणाला. आज शाळेत का नव्हतीस, असं विचारलं.

वर्षभर बाजारात लाकडं घ्यायला-विकायला येणाऱ्यांशी बोलून माझंही दखनी सुटं झालं होतं. मदरसा, म्हणजे शाळा, सुटला म्हणून मी सांगितलं. का सुटला? मी मोळीकडे बोट दाखवलं. त्याला कळेना. तू तर किती चांगलं उत्तर दिलं होतंस, म्हणाला, झाडं गेली तर पाऊस बंद होईल.

"वो मास्तर बोले," मी म्हणाले. "मै बोली थी, झाड गए तो मेरा मदरसा जाता."

माझ्याकडे, मोळीकडे, मागे आमच्या गावाकडे त्याने बघितलं. राई तिथूनही दिसत होती, हिरवीगार. मी त्याला त्या वर्षात इतक्या शिव्या दिल्या होत्या, आणि तो समोर उभा होता तर एकही आठवेना. त्याचा चेहरा इतका पडला होता की मला स्वतःचाच राग आला. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

"आज सब बच्चे सही तरफ खडे रहे," तो हळूच म्हणाला. जणू मलाच विचारत होता.

ऊन कलायला लागलं होतं आणि घरी चूल थंड होती.

"मोळी उचला, साहेब," मी म्हणाले. "उशीर व्हायलाय."

त्याने मागे वळून शिपायाकडे बघितलं. शिपाई अजून लांब होता. मग तो घोड्यावरून उतरला, बाह्या वर केल्या, वाकून दोन्ही हातांनी मोळी उचलली. काटे त्याच्या हाताला लागले, पण त्याने सोडली नाही. मी डोक्यावर चुंबळ ठेवून मान ताठ केली. पहिल्यांदा त्याने ती एका अंगाला ठेवली. बीच में, मी म्हणाले. त्याने परत उचलून मधोमध ठेवली, हाताने दाबून बघितली आणि बाजूला झाला.

चांगली ठेवली होती त्याने. घर येईपर्यंत जराही हलली नाही.